बीड्स ॲसिडच्या आधीच सुटले होते: एका अल्जिनेट बॅचची पूर्ण केस

एम.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला माझा प्रोजेक्ट होता लॅक्टोबॅसिलस हा दह्यातल्यासारखा उपयोगी बॅक्टेरिया अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या एका पदार्थाच्या, बीड्समध्ये (बारीक मण्यांमध्ये) बंद करायचा आणि पोटातल्या ॲसिडमधून तो जिवंत पार होतो का ते बघायचं. सलग तीन बॅच फेल गेल्या. जिवंत जंतू वाढवून मोजायच्या प्लेटवर काही म्हणजे काहीच नाही. तिन्ही वेळा आम्ही दोष दिला ॲसिडला, मग कल्चरला (वाढवलेल्या जंतूंना), मग अल्जिनेटच्या ग्रेडला, आणि शेवटी कारण निघालं ते ज्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं तिथे, बीड्स धुवायच्या पाण्यात. मागच्या महिन्यात दोन ज्युनिअर मुली आल्या, त्यांचंही अगदी सेम झालेलं, रडवेल्या झाल्या होत्या बिचाऱ्या, म्हणून ही केस पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतेय.

हे करायचं कशाला ते आधी सांगते. माझ्या पुतण्याला कानाच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक सुरू होतं, तिसऱ्या दिवसापासून जुलाब, डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. आई पुडी पाण्यात ढवळता ढवळता मला म्हणाली, "पोटात एवढं ॲसिड असतं म्हणतेस, मग ह्या पुडीतले जंतू तिथे मरत नाहीत का गं? तू तर ह्यातलंच शिकतेस ना?" मला धड उत्तर देता आलं नाही. थोडेफार मरतात, थोडेफार पोचतात, एवढंच म्हणाले, आणि ते उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं.

प्रोबायोटिकची जी व्याख्या जगभर चालते ती एफएओ आणि डब्ल्यूएचओ ह्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संस्थांनी २००१ मध्ये केलेली, की जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा संख्येत घेतले तर घेणाऱ्याच्या तब्येतीला फायदा करणारे. ह्यातले "जिवंत" आणि "पुरेशा" हे दोन शब्द सगळ्यात जड. आपल्याकडे आयसीएमआर आणि डीबीटी ह्या सरकारी संस्थांच्या २०११ च्या गाईडलाईन्समध्येही ॲसिड आणि पित्त सहन करण्याची टेस्ट सांगितलेली आहे ती ह्यामुळेच. उपाशीपोटी जठराचा पीएच (ॲसिड किती ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे ॲसिड जास्त) दीड-दोनच्या आसपास असतो, पाण्याचा सात, आणि पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट, म्हणजे सातवरून दोनवर येणं म्हणजे एक लाखपट जास्त ॲसिड. जेवल्यावर तो चार-पाचपर्यंत चढतो आणि मग परत उतरतो, म्हणून पुडी उपाशी घेतली की जेवताना घेतली ह्यानेसुद्धा फरक पडतो.

आता पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा पदार्थ, इथे अल्जिनेट. पहिल्या वर्षाला आम्ही ह्याच अल्जिनेटमध्ये मेटफॉर्मिन, म्हणजे डायबेटिसचं औषध, भरलं होतं, सरावासाठी. मेटफॉर्मिन पाण्यात भरपूर विरघळतं, त्यामुळे बीड्स कॅल्शियमच्या पाण्यात घट्ट होत असतानाच अर्धंअधिक औषध पॉलिमरच्या जाळीतून बाहेर पळायचं आणि आमचं सगळं डोकं ते आत कसं धरून ठेवायचं ह्यातच जायचं. बॅक्टेरियाचं दुखणं बरोबर उलटं आहे. तो जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठा, एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), भोकं त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासची, त्यामुळे जाळी शाबूत असेपर्यंत तो बाहेर जात नाही, पण ॲसिड मात्र आत येतं कारण हायड्रोजनचा आयन, म्हणजे भार असलेला कण, एवढासा असतो, आणि ॲसिड आत आलं की तो जागेवरच मरतो. औषध पळून जातं पण मरत नाही, जंतू पळत नाही पण मरतो. दोन्हीला एकच पॉलिमर वापरला तरी बघायच्या गोष्टी वेगळ्या, आणि मी पहिल्या वर्षाचंच डोकं घेऊन दुसऱ्या वर्षाच्या कामाला बसले होते हे आता कळतं.

अल्जिनेट येतं तपकिरी समुद्री शेवाळातून. १८८१ मध्ये स्टॅनफर्ड नावाच्या ब्रिटिश केमिस्टने ते स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या शेवाळातून पहिल्यांदा काढलं. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखाताच्या बाजूला, सरगॅसम आणि टर्बिनेरिया गोळा करून त्यापासून अल्जिनेट बनवतात. सरगॅसम आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही असतं, ओहोटीला गेलात तर छोटे छोटे हवेचे फुगे लागलेलं तपकिरी झुडूप दिसतं ना, तेच. रसायन म्हणाल तर दोन प्रकारच्या साखरेची लांबच लांब साखळी, एकीला एम म्हणतात एकीला जी, दोन्हींवर ॲसिडचा गट. सोडियम असेल तर ती पाण्यात विरघळते, चिकट पाक होतो. कॅल्शियम आलं की दोन साखळ्यांचे 'जी'वाले भाग समोरासमोर येतात आणि मधल्या खळग्यांमध्ये कॅल्शियमचे आयन बसतात, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावी तसे. म्हणून पुस्तकात त्याला एग बॉक्स मॉडेलच म्हणतात. ह्या जेलला ना गरम करावं लागतं ना कुठलं विषारी केमिकल लागतं, साध्या पाण्यात रूम टेम्परेचरला दोन मिनिटांत होतं, म्हणून जिवंत पेशी त्यात सुखरूप बसतात. १९८० मध्ये लिम आणि सन ह्या दोघांनी स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणारे पुंजके ह्याच अल्जिनेटच्या कॅप्सूलमध्ये भरून डायबेटिक उंदरांमध्ये घातले आणि दोन-तीन आठवडे त्यांची साखर नॉर्मल राहिली. जंतू भरणं हा त्यातलाच सोपा प्रकार, असं मला वाटायचं.

सगळा जोर कॅल्शियमवर आहे. हे वाक्य मी पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. त्याचा अर्थ मात्र चौथ्या बॅचला कळला.

बीड्स कसे करायचे हे ज्याने घरी बुंदी पाडताना बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. दोन टक्के अल्जिनेटचा पाक रात्रभर स्टररवर ठेवून गुठळ्या मोडायच्या, सकाळी त्यात सेंट्रिफ्यूज करून (जोरात फिरवून तळाला बसवून) धुतलेला बॅक्टेरियाचा लगदा हळूच मिसळायचा, आत हवा शिरू द्यायची नाही, मग सिरींजमध्ये भरून बारीक सुईतून ०.१ मोलार कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब टाकायचा. थेंब पडला की क्षणात त्याच्या भोवती कातडं धरतं. झारा फार खाली धरला तर बुंदीला शेपटी येते, इथेही तसंच, सुई पाण्याच्या फार जवळ आणली की थेंब गोल व्हायच्या आधीच आत जातो आणि टाचणीसारखे शेपटीवाले बीड्स होतात. पाक घट्ट झाला तरी शेपटी. सुई किती वर धरायची हे मला साताठ दिवसांनी हाताला कळलं. अर्धा तास तसेच ठेवले की ते दोन-तीन मिलिमीटरचे, भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसणारे पण चिमटीत धरून दाबले तर रबरासारखे उसळणारे बीड्स तयार. आत लॅक्टोबॅसिलस असल्यामुळे ते पारदर्शक नसतात, ताकाच्या रंगाचे असतात.

आमचा क्रम असा होता. दुपारी बीड्स करायचे, थोडे लगेच विरघळवून आत किती जिवंत आहेत ते मोजायचं, बाकीचे दोनदा धुवायचे, रात्री फ्रिजमध्ये ठेवायचे कारण ॲसिडची टेस्ट, मग आतड्याची टेस्ट, मग डायल्युशन (मोजता यावं म्हणून टप्प्याटप्प्याने पातळ करणं), मग प्लेटा असा पुढचा अख्खा दिवस लागतो, आणि सकाळी वरचं पाणी ओतून बीड्स ॲसिडमध्ये टाकायचे. ॲसिड म्हणजे फार्माकोपियातला (औषधांच्या अधिकृत मानकांच्या पुस्तकातला) कृत्रिम जठररस, लिटरला दोन ग्रॅम मीठ, पेप्सिन हे पाचक एन्झाइम, हायड्रोक्लोरिक ॲसिड, पीएच १.२, सदतीस डिग्री, दोन तास. नंतर बीड्स फोडून एमआरएस अगारच्या, म्हणजे लॅक्टोबॅसिलसच्या खाद्याच्या, प्लेटा, अनएरोबिक (ऑक्सिजन नसलेल्या) जारमध्ये दोन दिवस.

पहिली बॅच: बनवल्या बनवल्या मोजलं तेव्हा आत भरपूर जिवंत. ॲसिडनंतर शून्य. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या पीएच १.२ फार कडक आहे, तरी पण एकही नाही हे जरा विचित्र वाटतंय, परत कर. दुसरी बॅच: ताजं कल्चर. शून्य. तिसरीला आम्ही पीएच दोनवर आणला, अल्जिनेट दुसऱ्या कंपनीचं मागवलं, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आहे की ॲनहायड्रस ते लेबल वाचून परत हिशोब केला (डायहायड्रेट असेल तर ०.१ मोलारला लिटरला १४.७ ग्रॅम लागतं, ॲनहायड्रस असेल तर ११.१, ही गडबड बऱ्याच लॅबमध्ये होते), आणि सगळ्यात खालच्या डायल्युशनच्या प्लेटवर दोन-तीन ठिपके आले. मोजायला प्लेटवर तीस ते तीनशे कॉलनी (जंतूंचे ठिपके) लागतात, दोन-तीन ठिपक्यांना काही अर्थ नाही. आणि सगळ्यात मनाला लागलं ते हे, की शेजारी कंट्रोल म्हणून ठेवलेला मोकळा बॅक्टेरिया, ज्याला कसलंच कवच नव्हतं, तोही जवळजवळ तेवढाच उरला होता. म्हणजे आमच्या बीड्सचा उपयोग शून्य. सिनियर दादा म्हणाला पॉलिमर बदल, पेक्टिन घे, नाहीतर सरळ विषयच बदल, वेळ कमी आहे. सबमिशनला चार महिने राहिले होते.

हे पकडलं ते आमच्या लॅबच्या मामांनी. मामा पंधरा-वीस वर्षं लॅब सांभाळतायत, काचसामान धुणं, डिस्टिल्ड वॉटर भरणं, सगळं त्यांच्याकडे. मी चौथी बॅच केली तेव्हा घाईत अर्धे बीड्स धुवायचे राहिले आणि कॅल्शियमच्या बीकरमध्येच रात्रभर पडून राहिले. सकाळी मामांनी फ्रिज उघडला आणि दोन्ही बीकर माझ्या समोर आणून ठेवले, म्हणाले, "ताई, हे एकाच दिवशीचे ना? मग ह्यातले टणटणीत आणि ह्याची खीर का झाली?"

मी बघतच राहिले. एका बीकरमध्ये स्वच्छ पाणी आणि तळाला कडक, गोल, वेगवेगळे बीड्स. दुसऱ्यात पाणी दुधाळ, बीड्स फुगलेले, कडा पुसट, एकमेकांना चिकटलेले, चमच्याने उचलले तर आकार सोडणारे. आणि खरं सांगायचं तर हे दुधाळ पाणी मी आधी तिन्ही वेळा बघितलं होतं. बाहेरून चिकटलेला बॅक्टेरिया सुटला असेल असं म्हणून दरवेळी ते डिस्कार्ड जारमध्ये ओतलं होतं.

दुसरा बीकर पीबीएसचा होता. फॉस्फेट बफर सलाइन, म्हणजे पीएच बदलू नये म्हणून फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी.

पीबीएस का घेतलं ह्याचं उत्तर अगदी साधं आहे, सवय. मायक्रोबायोलॉजीत बॅक्टेरियाचा लगदा धुवायचा म्हटलं की हात आपोआप पीबीएसकडे जातो, पीएच ७.४, मीठ शरीराइतकं, पेशीला काही त्रास नाही. लगदा पीबीएसने धुवायचा हे बरोबरच होतं. पण लगदा बीड्समध्ये गेल्यावरही आम्ही तीच बाटली उचलली. फॉस्फेटला कॅल्शियम भारी आवडतं, ते अंड्याच्या ट्रेमधली अंडी एक एक करून उचलतं आणि स्वतःबरोबर पांढरा साका बनवून खाली बसवतं. वरून पीबीएसमध्ये सोडियम भरपूर, ते रिकाम्या झालेल्या जागी येऊन बसतं, आणि सोडियम बसलं की साखळी परत पाण्यात विरघळणारी. आमचं पीबीएस थोडं आणि बीड्स जास्त असल्यामुळे फॉस्फेट लवकर संपत होतं आणि बीड्स पूर्ण न विरघळता अर्धवट सुटत होते, पूर्ण विरघळले असते तर पहिल्याच दिवशी कोणाच्याही लक्षात आलं असतं. अर्धवट झाले म्हणून तीन बॅच गेल्या.

तरी मॅडमनी लगेच मान्य केलं नाही, आणि बरं झालं. त्या म्हणाल्या हा तुझा अंदाज आहे, दाखव. मग मी दुधाळ पाण्याचा एक थेंब स्लाइडवर घेऊन ग्रॅम स्टेन केला, म्हणजे बॅक्टेरिया दिसायला रंग दिला, जांभळ्या काड्या खचाखच. त्याच पाण्याच्या दुसऱ्या नळीत दोन थेंब पातळ ॲसिड टाकलं तर गढूळपणा थोडा कमी झाला, तो कॅल्शियम फॉस्फेटचा हिस्सा, उरलेला तसाच राहिला, तो बॅक्टेरिया. आणि त्या पाण्याची प्लेट लावली, दोन दिवसांनी जार उघडला तर मोजताच येणार नाही इतकी गच्च भरलेली. म्हणजे आमचे जंतू ॲसिडमध्ये मेलेच नव्हते, निदान सगळे तरी नाही, ते ॲसिडपर्यंत पोचलेच नव्हते, त्याच्या आधी मी स्वतः ओतून दिले होते. आणि जे आत उरले त्यांच्याभोवती जाळी अशी उरली नव्हती. त्या प्लेटकडे बघून मला आधी हायसं वाटलं आणि मग तीन महिन्यांचा हिशोब डोळ्यासमोर आला.

मग चार नळ्या लावल्या, प्रत्येकात मोजून वीस बीड्स, एकात डिस्टिल्ड वॉटर, एकात साधं सलाइन, एकात पीबीएस, एकात पातळ कॅल्शियम क्लोराइड. दर अर्ध्या तासाने ग्राफ पेपरवर ठेवून मोबाईलने फोटो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फारसं काही झालं नाही. सलाइनमध्ये हळूहळू फुगले, सोडियममुळे. पीबीएसमध्ये आधी भोवती ढगासारखं वलय, मग कडा गेल्या, मग गाळ. कॅल्शियममध्ये जसेच्या तसे. मला विचाराल तर अख्ख्या थिसिसमधलं सगळ्यात उपयोगी चित्र हे चार नळ्यांचं आहे, बाकीचे ग्राफ नंतर. खर्च जवळजवळ शून्य, वेळ एक दुपार, आणि हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. अल्जिनेटवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या लॅबमधल्या प्रत्येक बाटलीबरोबर हे करावं असं मी आता सगळ्यांना सांगते. सायट्रेट, ईडीटीए, फॉस्फेट ह्या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या तिघांपैकी काहीही असलेलं पाणी म्हणजे बीड्स फोडायचं पाणी.

धुण्याचं पाणी बदललं, पातळ कॅल्शियम क्लोराइडने धुतलं, त्यातच ठेवलं. पाचव्या बॅचला पीएच दोनच्या ॲसिडनंतर मोजता येतील अशा कॉलनी आल्या, आणि मोकळ्या बॅक्टेरियापेक्षा स्पष्ट जास्त. पीएच १.२ ला मात्र बीड्समधलेही बहुतेक गेले. हे मी लपवलं नाही, मॅडमनीही लपवू दिलं नाही. अल्जिनेट काही ॲसिडसमोर भिंत उभी करत नाही, ॲसिड काही मिनिटांत आत शिरतं, फक्त साखळीवरचे गट थोडं ॲसिड पिऊन घेतात आणि बीड आकसतो, त्यामुळे आतल्याला जरा उसंत मिळते. बीड जितका मोठा तितकी उसंत जास्त, म्हणून फार बारीक, शंभर मायक्रॉनच्याही आतले बीड्स केले तर ॲसिडपासून संरक्षण जवळपास मिळत नाही. आणि मोठे केले तर दह्यात-श्रीखंडात घातल्यावर जिभेला रवाळ लागतात, ही फूड टेक्नॉलॉजीवाल्यांची कायमची डोकेदुखी. पीएच कुठला निवडला ह्यावर निकाल उलटा होऊ शकतो. इन्फोजेस्ट म्हणून पचनाची नक्कल करायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, २०१४ ची आणि मग २०१९ ला सुधारलेली, ती जठराच्या टप्प्याला पीएच तीन घेते कारण ती जेवणाबरोबरची स्थिती धरते. तीनला केलेला प्रयोग आणि १.२ ला केलेला प्रयोग शेजारी ठेवून कोणाचे बीड्स चांगले हे ठरवणं चुकीचं आहे, पण लोक तसं करतात.

पुढे कायटोसानचा थर दिला. कायटोसान म्हणजे कोळंबी सोलल्यावर जी टरफलं टाकून देतो त्यातून निघतं, आधी पातळ ॲसिडने त्यातलं खनिज काढायचं, मग कॉस्टिकने प्रोटीन, मग कडक गरम कॉस्टिकने उरलेल्या कायटिनचं कायटोसान. ह्याच्यावर धन भार, अल्जिनेटवर ऋण, दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि बीडभोवती अजून एक कातडं तयार होतं, बाहेरची भोकं बारीक होतात. पण कायटोसान स्वतः जंतू मारणारं आहे, त्याचा धन भार बॅक्टेरियाच्या भिंतीलाही धरतो, म्हणून ते बॅक्टेरियाबरोबर सरळ मिसळायचं नाही, आधी अल्जिनेटमध्ये सुरक्षित बसवायचं आणि मग बाहेरून थर द्यायचा. शिवाय ते विरघळतं फक्त पातळ ॲसिडमध्ये, आम्ही एक टक्का ॲसेटिक ॲसिड वापरलं, आणि मग पीएच सहाच्या जरा खाली आणला, फार वर नेलं की तेच गुठळ्या होऊन बसतं. बीड्स त्यात पाऊण तास हलवत ठेवले आणि परत कॅल्शियमच्या पाण्याने धुतले.

आणि इथे दुसऱ्यांदा तसंच झालं. कायटोसानवाल्या बीड्सचा आकडा साध्या बीड्सपेक्षा कमी आला. दादा लगेच म्हणाला बघ, कायटोसानने मारले. पण ह्यावेळी मी नळी उजेडात धरून बघितली. साधे बीड्स फोडायच्या बफरमध्ये दहा-पंधरा मिनिटांत विरघळले होते, कायटोसानवाल्यांची पातळ पातळ टोपरं अजून तरंगत होती, द्राक्षाची सालं असतात ना तशी, आणि त्यांच्या आत पांढरं दिसत होतं. म्हणजे बॅक्टेरिया आत होता, फक्त मोजायला बाहेर आला नव्हता. वेळ वाढवला, नळी जोरात हलवली, निर्जंतुक काचेच्या कांडीने टोपरं चिरडली, मग प्लेटा लावल्या, आणि ह्या वेळी कायटोसानवाल्यांचा आकडा साध्यांच्या पुढे गेला. मोजणीत राहून गेलेले जंतू वहीत मेलेल्यांच्या रकान्यात जातात, हे मी दोनदा शिकले.

व्हायव्हाला जे विचारलं गेलं त्याचीही इथे नोंद करते, कारण त्याचं मूळ तेच कॅल्शियम आहे. मी थिसिसच्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं की बीड्स जठरात बंद राहतात आणि आतड्याच्या पीएच ६.८ ला उघडतात. मॅडमनी पेन्सिलने बाजूला लिहिलं, "पीएचने की फॉस्फेटने?" फार्माकोपियातला कृत्रिम आंत्ररस हा पोटॅशियम फॉस्फेटचा बफर आहे, लिटरला ६.८ ग्रॅम. म्हणजे ज्या पाण्याने फ्रिजमध्ये बीड्स फोडले जवळपास त्याच पाण्याला आम्ही आतडं म्हणत होतो. खऱ्या आतड्यात मुख्य बफर बायकार्बोनेटचा असतो. मग तीच टेस्ट फॉस्फेटऐवजी ट्रिस नावाच्या, फॉस्फेट नसलेल्या बफरमध्ये केली, पीएच तोच ६.८. ॲसिडमध्ये न गेलेले बीड्स ट्रिसमध्ये तासन्‌तास तसेच राहिले. ॲसिडमधून गेलेले मात्र फुगले, मऊ झाले, सुटायला लागले, फॉस्फेटइतके झटपट नाही पण सुटले. कारण ॲसिडमध्ये हायड्रोजनने कॅल्शियमला आधीच बरंच बाहेर ढकललेलं असतं, आणि न्यूट्रल पाण्यात आल्यावर साखळ्यांना धरून ठेवायला फारसं कोणी उरत नाही. म्हणजे जठर आधी टाके उसवतं आणि आतडं कापड उघडतं. मला हे काम आवडायला लागलं ते ह्या ठिकाणी. ड्राफ्टमधलं ते वाक्य खोडून तीन वाक्यं लिहिली आणि त्या तीन वाक्यांवर परीक्षकांनी वीस मिनिटं बोलून घेतलं.

आईच्या प्रश्नाकडे परत येते. सगळ्या जंतूंना बीड्सची गरज असते असं मला आता वाटत नाही. ओडिशाच्या खेड्यांमध्ये ४,५५६ नवजात बाळांवर जी मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात आली, त्यात लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड असं सात दिवस तोंडाने दिलं होतं, आणि सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनून होणारा गंभीर आजार) किंवा मृत्यू झालेल्या बाळांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. त्यात कुठले अल्जिनेटचे बीड्स नव्हते. नवजात बाळाचं पोट मोठ्या माणसाइतकं ॲसिडचं नसतं, स्ट्रेन, म्हणजे जंतूचा नेमका वाण, नीट पारखून निवडलेला होता, आणि बाळाला लागणारा डोस रोज मिळत होता. स्ट्रेन बदलला की निकाल बदलतो, त्यामुळे हा आकडा दुसऱ्या कुठल्या पुडीला चिकटवता येत नाही. बीड्स उपयोगी पडतात ते जिथे जंतू नाजूक आहे, पोट मोठ्या माणसाचं आहे, किंवा तो आंबट पदार्थात आठवडाभर ठेवायचा आहे, ताक-दह्यासारख्या, तिथे. आणि कोळंबीच्या कायटोसानचा थर दिलेलं काहीही आमच्या घरी चालणार नाही, आई माळकरी आहे, शिवाय कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. बुरशीपासून केलेलं कायटोसान मिळतं, महाग असतं, पण आपल्याकडे विकायचं असेल तर पहिल्या दिवसापासून तेच धरून चाला असं मी ज्युनिअर्सना सांगते, नाहीतर सगळं झाल्यावर शाकाहारी-मांसाहारीच्या लेबलपाशी अडकाल. जिलेटिनच्या कॅप्सूलचंही हेच, तेही प्राण्यांपासूनच येतं.

त्या दोन मुलींना मी लॅबमध्ये घेऊन गेले. त्यांची पीबीएसची बाटली बाजूला ठेवली, चार नळ्या लावायला सांगितल्या, आणि ग्राफ पेपर दिला. एकजण म्हणाली ताई आमच्या गाईड सरांना पीबीएसच पाहिजे, पेपरमध्ये तसंच लिहिलंय. मी म्हटलं सरांना नळ्या दाखव, बोलू नकोस काही. सरांनी नळ्या बघितल्या आणि पीबीएस बंद झालं. आता त्यांचं फ्रीझ ड्रायिंग (गोठवून सुकवणं) चालू आहे, ओले बीड्स सुकून खसखशीएवढे होतात, स्किम मिल्क आणि ट्रेहॅलोज नावाची साखर घालून करतायत, नुसतं पाण्यात केलं तर बर्फाच्या स्फटिकांनी जंतूही फुटतात आणि जाळीही. परवा फोन आला होता, सुकलेले बीड्स परत भिजवायचे कशात म्हणून. मी विचारलं तुम्ही कशात भिजवणार होतात, तर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही, आणि मग दोघी एकदमच म्हणाल्या, कॅल्शियमच्या पाण्यात.